कार्डाचा पिन कोणी टाकला?

बाबा,

मी ऑफिसला निघालेय. घरून लॉगिन होईना, म्हणून सकाळपासून ऑफिसच्या लॉगिन कार्डाच्या मागे लागले होते. रीडरचा दिवा हिरवा, वायर बदलली, चिप रुमालाने पुसली, कार्डाची मुदतही पुढच्या वर्षापर्यंत आहे. शेवटी हेल्पडेस्कला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, कार्ड ठणठणीत आहे. काल दुपारी पावणेचारला तीनदा चुकीचा पिन टाकला गेला, म्हणून लॉक झालंय." पावणेचारला मी दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसले होते.

घरात तुम्हीच होतात. रागावले नाहीये, पण राहवत नाहीये. काय बघायचं होतं तुम्हाला? एकतीस वर्षं धरणाच्या याच कंट्रोल रूममध्ये काढलीत, जिथे आज मी बसते, पण निवृत्त झाल्यापासून पाण्याचं नावही काढलं नाहीत. मला वाटलं, सुटलात एकदाचे. आणि पिन कोणता टाकलात? तुमचाच जुना?

कार्डाचं लॉक काढून घेताना कारण लिहावं लागतं. 'वडिलांनी वापरून पाहिलं' असं खरं तेच लिहीन. साहेब बोलतील, ऐकून घेईन. पुन्हा मात्र हात लावू नका, माझी नोकरी जाईल.

जेवण झाकून ठेवलंय. रात्रपाळीवाल्याशी आत्ताच बोलले. पाणी तासाला वीतभर चढतंय आणि तिसरा दरवाजा आत्ता उघडावा की दुपारी, हे आज मला ठरवायचंय. तुम्ही काय केलं असतंत? चिठ्ठी वाचलीत की लगेच फोन करा. मला खरंच विचारायचंय.