गादी आली, पलंग नाही

सोमवार, १७ ऑगस्ट १८६३. श्रावण शुद्ध ३

आज पोर्लुई बंदराच्या गाडीतून आलेलं सामान —
खोबरेल, बाटली एक — नऊ पेन्स.
कापूर, पुडी एक — तीन पेन्स. मागच्या वेळी दोनच होते!
गादी एक, सावरीच्या कापसाची, निळ्या पट्ट्यांची — चोवीस शिलिंग. दाम ह्यांनी जाण्याआधीच दुकानात भरलेला.
गादीचं गाडीभाडं — एक शिलिंग. ते मात्र माझ्याकडून.
पलंग — नाही.

गाडीवाल्याला दोनदा विचारलं. म्हणाला, चिठ्ठीवर ‘तुलसीराम सरदार’ एवढंच आहे, गावही नाही. पण सरदाराचं घर पितोंत, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक, म्हणून आणली. पलंगाचं त्याला कुणी काही बोललं नाही.

हे ह्या बेटावर उसाच्या कोठीत मजुरांचे सरदार, म्हणजे मुकादम. चैत्रात मुलखाला जायला जहाजावर चढले. कोठीच्या साहेबाने रत्नागिरीहून उसासाठी माणसं आणायला पाठवलं. तोडणीच्या आधी येतो म्हणाले. तोडणी लागून महिना उलटला. पत्र एक नाही. गादी आली.

चोवीस शिलिंग! मला विचारलंसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला न विचारता माझ्यासाठी आणलेली ही पहिली वस्तू. रागावले. आनंदही झाला. तो इथे लिहून ठेवते, बाहेर सांगायचा नाही.

गुरुवार, २० ऑगस्ट

गादीला पलंग लागतो का, याचा नीट विचार केला. लागत नाही. मऊपणा गादीत असतो, पलंगात नसतो. जमीन फुकट आहे. जमिनीवरून कुणी पडल्याचं ऐकलेलं नाही. चटईवर गादी घातली आणि वर जुनं लुगडं पसरलं.

शेजारच्या अनुसयाबाई बघायला आल्या. मालवणकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गे सरदारनीबाय, गादी भुईर? मग चटयेन काय पाप केल्यान?”

मी म्हटलं, पलंग हवाच असं काही नाही. त्यावर — “सायबाच्या मडमेक सांग जाऊन. तीपण उद्यापासून भुईर निजात.”

मी गादीवर निजत नाही. बाजूला घोंगडी घालून निजते. गादी ह्यांनी घेतली. ह्यांच्याआधी मी कशी निजू?

सोमवार, २४ ऑगस्ट

सोमवारचा उपास. गादीखाली मुंग्या. वेचल्या.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

गादी उलटून पाहिली. खालच्या बाजूला ओल, आणि काळे ठिपके. दिवसभर उन्हात टाकली. गिरणीच्या धुरांड्याची काजळी बसली ती वेगळीच.

मग गादीखाली साखरेची रिकामी गोणपाटं घातली. मुंग्यांना गोणपाटं आवडली. त्यांच्यापेक्षा मोठी एक गोमही निघाली, हातभर नाही, पण मला तेवढीच वाटली.

अनुसयाबाई भिंतीपलीकडून — “घो परदेशी, नि बाईल भुईर निजता. बरा दिसणा नाय गे. लोक काय वाईट समजतीत.”

घोंगडी आज जरा आत ओढून घेतली, दारातून दिसू नये म्हणून.

बुधवार, २ सप्टेंबर

प्रयोग केला. मुलखाहून आणलेली पेटी एका बाजूला, चार दगड दुसऱ्या बाजूला, मध्ये फळ्या, वर गादी. छान दिसत होतं. दुपारी मांजर चढलं आणि सगळं खाली आलं. मांजर एवढंसं, आणि हे तर अंगाने भारी.

मुंबईचं जहाज लागलं. आमच्या कोठीला नवी माणसं आली. हे त्यांत नाहीत. नव्यांतला एक म्हणाला, सरदार धडधाकट आहेत, रत्नागिरीला रोज दिसतात, मागून येणाऱ्या जहाजाने येतील. मी त्याला गूळपाणी दिलं.

धडधाकट आहेत! देवापुढे दुसरी वात लावली. हातही धडधाकट असतील ना? मग दोन ओळी लिहायला काय होतं?

कबूल करते — गादीला पलंग लागतो. हे येईपर्यंत करून ठेवीन. अल्सीद सुताराला निरोप धाडला. साधा, चार पाय, नक्षी नको.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

अल्सीद आला. काळा, उंच, हसरा माणूस, कानावर शिसपेन्सिल. गादीला दोरी लावून माप घेतलं. परत घेतलं. मग हसायला लागला.

“मादाम, सा लिली-ला मो फिन फेर!” म्हणजे, हा पलंग तर मी केलाय!

मी म्हटलं, केला असेल दुसऱ्या कुणाचा.

नाही, म्हणाला, हेच माप. सरदाराने स्वतः दिलेलं. फणसाचं लाकूड, पाय गोल कातलेले. सरदार जहाजावर जायच्या आधीच मी आणि माझ्या भावाने लालमती गावी नेऊन जोडून दिला. मादाम बसंतीच्या घरी. तिने आम्हांला ताक दिलं. गादी मागाहून पोर्लुईहून येणार, असं सरदार म्हणाला होता...

इथे त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळायला लागला. फार वेळ गुंडाळत होता. दोरी एवढी मोठी नव्हती.

पैसे नको म्हणाला. मी दिले. येण्याचे सहा पेन्स.

तेव्हा असं आहे. हे चिठ्ठीत गावाचं नाव घालायला विसरले. गादी लालमतीची. मी दुसरीच्या गादीखालच्या मुंग्या वेचल्या.

शनिवार, १२ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. पोळा म्हणून कोठीचे बैल धुतले.

रविवार, १३ सप्टेंबर

दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये, असं वडील सांगत. ते कचेरीत कारकून होते, कचेरीचा बोरूसुद्धा घरी आणत नसत. गादी पोचती करायची. गाडीभाड्याचा एक शिलिंग मात्र माझा गेला आहे. तो तिच्याकडून मागावा की नाही?

मागावा.

बुधवार, १६ सप्टेंबर. गणेशचतुर्थी

गणपती वीतभर, मातीचा. नैवेद्य झाला. काल लिहिता आलं नाही, आता लिहिते.

काल हरितालिका. कोठीची गाडी लालमतीवरून फ्लाकच्या बाजूला मंगळवारीच जाते, म्हणून उपासाच्या दिवशी जावं लागलं. घशाला पाण्याचा थेंब नाही. गादी गुंडाळून गाडीत टाकली आणि वर मी बसले. पहिल्यांदाच तिच्यावर बसले. मऊ आहे.

अनुसयाबाईंनी हटकलं, “खंय चालली गादी?” मी म्हटलं, जिची आहे तिच्याकडे. त्या न विचारता गप्प राहिल्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

लालमतीला ऊस संपतो तिथे घर. गवती छप्पर, झाडलेलं अंगण, बाजूला गाय. दारात बाई. माझ्याहून लहान, पण फार नाही. उत्तरेकडची, छपरा-आराची असावी, बोलीवरून. तोंड भरून म्हणाली, “दुकान से आइल बानी का, दीदी? गद्दा ले के?”

मी म्हटलं, हो, गादी आणली आहे. खोटं नव्हतं.

आत पलंग. पिवळाधमक, फणसाचा. वर नुसत्या फळ्या, फळ्यांवर गोणपाट. आम्ही दोघींनी गादी उचलून टाकली. बरोबर बसली! बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. अल्सीदचं काम चांगलं आहे.

ती पाणी आणायला वळली आणि मग म्हणाली, “आज तीज ह, दीदी, हम त पानी ना छुअब. रउआ पी लीं.” मी म्हटलं, माझाही तोच उपास. कोपऱ्यात पाहिलं — मातीचे महादेव-पार्वती. माझ्या घरी वाळूचे. फुलं तीच.

विचारलं, घरधनी कुठे? म्हणाली, जहाजाने मुलखाला गेलेत, तोडणीच्या आधी येणार होते. नाव? लाजली. नाव घेत नाहीत. मीही घेत नाही. तर ती खुणेने सांगू लागली.

“बायाँ कान फाटल बा.”

मी म्हटलं, बैलाच्या शिंगाने.

“हँ! करैला ना खालन.”

मी म्हटलं, कारल्याच्या वासानेसुद्धा उठून जातात. आणि झोपेत दात खातात.

तिने हळूच विचारलं — “रउआ उनकर बहिन हईं?”

नाही, मी म्हटलं.

“उनकर पहिली औरत त मुलुक में मर गइली. हैजा से.”

म्हणजे मी रत्नागिरीला पटकीने मेले आहे. ऐकून बरं वाटलं नाही. निदान जरा बरा रोग सांगायचा.

“ती मीच,” मी म्हटलं.

बसंती पलंगाच्या कडेवर बसली. लगेच उठली आणि खाली जमिनीवर बसली. मीही बसले. गादी वर, आम्ही खाली. ती रडली. मला रडायचं नव्हतं, घसा आधीच कोरडा होता. तरी थोडं झालंच.

मग तिने विचारलं, उपास आता मोडू का? मी म्हटलं, नाही मोडायचा. देवापुढे धरलेला आहे. — पण एका माणसासाठी दोन निर्जळी उपास! दीडशे वर्षं जगतील.

गाडी सकाळची, म्हणून राहिले. जागरण दोघींनी केलं. तिची गाणी मला कळली नाहीत, माझी तिला. गादीवर कुणी बसलं नाही. सकाळी तिने गाईचं दूध दिलं. त्यात पाणी नव्हतं. पितोंत असं दूध मिळत नाही.

निघताना म्हणाली, गादी घेऊन जा, दीदी. मी म्हटलं, तुझी आहे. तर पलंग घेऊन जा. मी म्हटलं, तोही तुझाच. त्यावर तिने विचारलं, “त राउर का ह?” तुमचं काय मग?

मी गाडीत चढले. शिलिंग मागायचा राहिला.

रविवार, २० सप्टेंबर

गादी होती तिथे जमिनीवर ओलीचा चौकोन आहे. वाळत आला. अनुसयाबाईंनी विचारलं, “सरदार येतलो तेवा काय सांगतलंस?” सगळं कळलंय त्यांना. अल्सीद बोलला नसेल. गाडीवाला असेल.

मी म्हटलं, मी काही सांगणार नाही. मी विचारणार.

गुरुवार, १ ऑक्टोबर

पितृपंधरवडा. सासऱ्यांचं पान ठेवलं. लालमतीच्या हिशेबाने माझंही ठेवायला हवं. तिथी कोणती धरायची, ते हे आल्याशिवाय कळणार नाही.

दूध घेऊन फिरणाऱ्या माणसाबरोबर बसंतीचा निरोप आला — दीदीला सांग, गादी आहे, झोप नाही.

मी विचार करते आहे. दोन घरं म्हणजे दोन दिवे, दोन चुली, दोन मिठाची मडकी. त्या गाईला पाच शेर दूध, आणि पिणारी एक. इकडे मी पाण्याला दुधाचे पैसे देते. आणि तिने विचारलं होतं ना, तुमचं काय? सापडलं. सरदाराचं घर पितोंत, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. घर माझं.

पितरांच्या दिवसांत नवं काही घरात आणत नाहीत. थांबते.

बुधवार, १४ ऑक्टोबर

घट बसले. अल्सीदला विचारलं, जोडलेला पलंग सुटा करता येतो का? येतो, म्हणाला. खुंट्यांवर आहे, खिळा एक नाही.

गुरुवार, २२ ऑक्टोबर. दसरा

ह्यांना पत्र लिहिलं. बसंती शेजारी बसून ऐकत होती. कारल्याचं वाक्य तिचं. नक्कल इथे ठेवते —

‘गादी पोचली. चिठ्ठीत गाव नव्हतं, म्हणून आधी पितोंला आली, मग लालमतीला गेली, आता परत पितोंला आहे. सोबत पलंगही आला. अल्सीदने जोडून दिला, पैसे घेतले नाहीत. दोन्ही एकमेकांना बरोबर बसतात. गाय मागच्या अंगणात बांधली आहे. मांडवावर कारली चढली आहेत, रोज होतात. पलंगावर बसंती आणि मी निजतो. दोघींना ऐसपैस होतो, तिसऱ्याला जागा नाही. आपण आल्यावर कुठे निजणार, ते उलट टपाली कळवावे.’