नाडीखालची जखम

१२ फेब्रु., बुध.
सकाळी मायक्रोस्कोपखाली आठ काचा. लायकेन प्लॅनस दोन, सोरायसिस तीन, एक कुष्ठ (चिठ्ठीवर मात्र ‘गजकर्ण’). आठवी नाकावरची, बेसल सेल कॅन्सर. कडेच्या पेशी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या रांगेत. याला ओळखायला डोकं लागत नाही.

अडली ती सातवी. लताबाई, ५४, शेवगावकडच्या. कमरेला परकराच्या नाडीखाली चिघळलेली जखम. कातडीच्या वरच्या थराची बोटं खाली उतरलीत. कॅन्सरमध्ये उतरतात, जुन्या जखमेतही उतरतात. फरक कळतो तो बोटांच्या टोकाशी, आणि तपासायला काढलेला तुकडा उथळ, टोकं बहुतेक आलीच नाहीत. वरचा भाग भाजल्यासारखा. कशानं?

१३ फेब्रु., गुरु.
डॉ. प.चा फोन. लताबाईंचा तुकडा त्यानंच पाठवलेला. माझा बॅचमेट; सर्जन झाला तरी कॉलेजातली घाई गेली नाही. “कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांग.” पी हळद अन् हो गोरी! ‘आहे’ म्हटलं तर हा कमरेचा तळहाताएवढा भाग काढणार. नसेल तर नुसतं मलम. म्हटलं, पेशंटला आधी माझ्याकडे पाठव.

दुपारी आल्या. बरोबर सून, मनीषा. बोलली सूनच. “नाडीनं काळं पडल्यालं लई वर्सं हुतं. मंग फुटलं. आत्याच म्हनल्या, म्हनून मी बिब्बा तापवून लावला. तीन-चार येळा.”

भाजल्याचा उलगडा झाला. बिब्ब्यानं भाजलेली कातडी भरून येताना काचेखाली कॅन्सरची हुबेहूब नक्कल करते. रिपोर्ट दिला: बिब्ब्याची प्रतिक्रिया असावी, कॅन्सर दिसत नाही, चार आठवड्यांनी खोल तुकडा पुन्हा. बिब्बा बंद, नाडी सैल. एका बाईचं ऑपरेशन वाचवलं म्हणून स्वतःवरच खूश.

१९ मार्च, बुध.
लताबाईंचा तुकडा अजून नाही. डॉ. प. म्हणाला, कांदा काढणी चालू आहे, उरकली की येतील.
एक्झिमा, एक्झिमा, चामखीळ.

२ एप्रिल, बुध.
आला तुकडा. चांगला खोल. आमच्या टेक्निशियनने, सॅम्युएलने, काच ठेवली तेव्हा चहाचा कप माझ्या हातात होता. पहिल्याच नजरेत कळलं. स्क्वॅमस सेल कॅन्सर. बोटं नाहीत आता, सुटे पुंजके, पार चरबीपर्यंत. मध्ये केराटिनची वेटोळी, कांद्याच्या चकतीसारखी. रिपोर्ट दहा मिनिटांत झाला.

३ एप्रिल, गुरु.
जुनी काच काढली. काढायची नाही असं ठरवलं होतं.
उजव्या कोपऱ्यात तुकड्याला घडी पडली आहे. घडीलगत दहा-बारा पेशी, बाकीच्यांपासून सुटलेल्या, भडक गुलाबी. कॅन्सरच्याच. मी नुसती घडी समजून पुढे सरकले. बिब्ब्याचं ऐकल्यावर तर परत पाहिलंच नाही. काखेत कळसा, आणि मी दुसरा तुकडा मागवत होते. सॅम्युएलला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, “दिसतंय, मॅडम.” शरम वाटली.

डॉ. प.ला सांगितलं. “कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं. त्यांना कशाला सांगतेस?” मग म्हणाला, जांघेत गाठ लागतेय आता, पसरला असावा. मी विचारलं, फेब्रु.त होती? “मला तरी लागली नव्हती.”
सात आठवडे.

७ एप्रिल, सोम.
ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलंय. काचा न्यायला लताबाई आल्या. मुलगा बरोबर. मनीषा दाराशीच उभी, डोळे सुजलेले.

मुलगा म्हणाला, “हिनंच केलं, मॅडम. तुमच्या पयल्या रिपोर्टातबी बिब्ब्याचंच हाय. घरात समदे हिलाच म्हनत्यात.”

माझं वाक्य त्यांच्या घरात असं वापरलं जात होतं. मला कल्पना नव्हती.

लताबाई त्याच्यावर खेकसल्या. “गप रं. बिब्बा मीच मागितला. आन् तवा कॅन्सर न्हवताच, बाईंनी काचंत बघितलं हुतं. व्हय की न्हाई ओ, बाई?”

‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. डॉ. प. तेच म्हणाला असता.

मनीषाला आत बोलावून स्टुलावर बसवलं. म्हटलं, बिब्ब्यानं नाही झालं. इतकी वर्षं नाडी एकाच जागी घासत राहिली, त्यानं झालं. आणि पहिल्या काचेतही ते होतं, मला दिसलं नाही. चूक हिची नाही, माझी आहे.

मनीषा पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

लताबाई उठून मायक्रोस्कोपपाशी आल्या. “मला दावा.”

जुनी काच लावून दिली, कोपरा समोर आणला. त्या वाकल्या, डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला सरकून मनीषाला पुढे बोलावलं.