आभाराची बातमी

नशिराबाद,
ता. १२ डिसेंबर

चि. योगराज,
अनेक आशीर्वाद. इकडे थंडी बरीच आहे. केळीला पाणी वेळेवर जातंय, त्याची काळजी नको. फोनच करणार होते, पण तू मध्येच 'लाइव्ह आहे' म्हणून ठेवतोस.

अधिवेशनामुळे तुला निघता आलं नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते. लोक मान डोलावतात. आबा गेले त्या संध्याकाळी संसदेसमोर हसत बोलताना त्यांनी तुला टीव्हीवर पाहिलं होतं. आबांना अग्नी मी दिला.

तिसऱ्या दिवशी तू नाही, पण तुझे मंत्रीसाहेब आले. सोबत तुझ्याच चॅनेलचा कॅमेरा. आबांच्या फोटोला हार घालून म्हणाले, "योगराजजी आमच्या घरचेच. काही लागलं तर सांगा."

मागच्या वर्षी तू त्यांची मुलाखत घेणार होतास, तेव्हा आबांनी फोनवर एवढंच मागितलं होतं, "त्याले इचार, फाट्यावरचा बोगदा कधी व्हईन?" हायवे ओलांडताना आई तिथेच गेली. नंतर याच साहेबांनी आपल्या ओट्यावर बसून हायवेखालून बोगद्याचा शब्द दिला होता. तू 'विचारतो' म्हणालास. आबांनी अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसवली. तू विचारलंस ते, साहेब पहाटे किती वाजता उठतात आणि थकत कसे नाहीत.

आबा उठून गोठ्यात गेले. पुन्हा कधी तुझी बातमी बघायला बसले नाहीत. 'आबा बघतात ना?' असं तू फोनवर विचारायचास, तेव्हा तेच मला खुणेनं 'हो म्हण' सांगायचे.

म्हणून परवा मी हात जोडून विचारलं, "साहेब, आमची आई गेली त्या फाट्यावरचा बोगदा कधी होणार?" साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चपला पायात घातल्या. कॅमेरा मात्र चालूच होता. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी दिल्लीत ऐकू जाईल.

संध्याकाळी मी बातम्यांत दिसले. हात जोडलेले, ओठ हलताहेत, आवाज नाही. खाली पट्टी होती, 'शोकाकुल कुटुंबाने मानले मंत्र्यांचे आभार'. आणि स्टुडिओत बसून ती बातमी सांगत होतास तू.

मी काय म्हणत होते, हे तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

दहाव्याला ये, असं सांगायला हे लिहिलेलं नाही. आलास तर लोक दुखवट्याला दारावर बसायला येतात तसा ये. बस, पाणी पी, जा. घरचा माणूस म्हणून तुझी वाट बघणारं आता इथे कोणी नाही.

जीवराम आबांची मुलगी,
मोहिनी