मौनी सुतार

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
राईस मिलमधून रिटायर होऊन दोन महिने झाले. एकतीस वर्षं मशीन चालवली. आता सुतारपक्ष्याचे फोटो काढायचे. तुमसरात हा विषय अजून कोणी हातात घेतलेला नाही. कॅमेरा आला, पुस्तक आलं. रोज पहाटे नाकाडोंगरीच्या जंगलात जायचं. एक दिवस चुकवायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
मधले दोन दिवस थंडी जास्त होती.
पुस्तक म्हणतं, सुतारपक्षी आधी ऐकायचा, मग पाहायचा. या दिवसांत तो हद्द सांगायला वाळक्या लाकडावर चोचीने ढोल वाजवतो. दोन तास पळसाखाली बसलो. शांत.
सोबत जागेश्वर होता. शाळेपासूनचा मित्र, मला अजून टेकाच म्हणतो; जंगलाला लागून त्याचं शेत. तो कानाशी ओरडला, "टेका, कवाचा ठोकून राहिला तो. तुले आयकू नाही येत काय?" बोटही दाखवलं. फोकस करेपर्यंत काहीतरी उडालं. बुंध्याचा फोटो मात्र उत्तम.

९ फेब्रुवारी, रविवार
घरात सगळ्यांना हळू बोलायची सवय लागली आहे. बायको, निर्मला, तोंडातल्या तोंडात बोलते. अंजू पुण्याहून फोन करते, ती त्याहून हळू. दोन वाक्यं झाली की म्हणते, बाबा, आईला द्या. जावयाचं नेटवर्क बदलायला सांगितलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ८.१०
मोठा दिवस. जागेश्वरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाळकं झाड आहे, त्यावर मराठा सुतार पक्षी. नर. डोकं पिवळं, मागे लाल. शेपूट खोडाला टेकवून तिसऱ्या पायासारखी वापरतो. मी वीस फुटांवर. चोच मशीनसारखी चालली होती. आणि आवाज नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाहिलं. अजिबात नाही.
हा शोध आहे. घाईत फोटो हलले.

१६ फेब्रुवारी, रविवार
थिअरी तयार. आपल्या भागात लाकूड वाळवीने पोखरलेलं, स्पंजासारखं. आवाज आतच जिरतो. म्हणून इथला सुतार मौनी.
जागेश्वरला पटलं नाही. गावातले लोक ऐकीव गोष्टींवर जातात.
निर्मलाला वाचून दाखवलं. ती कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. कानाशी येऊन म्हणाली, "अवो, आधी भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरले दाखवा." पक्ष्याला कानाचा डॉक्टर कशाला, कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
भंडाऱ्याला पुढच्या रविवारी पक्षीमित्रांचा मेळावा. चालवणाऱ्या कामिनीताईंनी मला दहा मिनिटं दिली. फोटोवर विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून आज व्हिडिओ घेतला. तीन मिनिटं, पक्षी मधोमध. पुरावा पक्का.

२ मार्च, रविवार, संध्याकाळी
हॉल भरला होता. जागेश्वर आणि निर्मला पहिल्या रांगेत. मी थिअरी सांगितली. लोक लक्ष देऊन ऐकत होते. मग व्हिडिओ लावला. म्हटलं, आता ही शांतता अनुभवा.
लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागच्या रांगेत कोणी हसलं. मला वाटलं, थक्क झाले. कामिनीताईंनी काही विचारलं. मी धन्यवाद म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा धन्यवाद म्हणालो. मग कोणी हसलं नाही.
जागेश्वर उठून स्टेजवर आला. माझा हात धरून मोठ्या स्पीकरवर ठेवला.
तळहाताखाली टरर्र झालं. थांबलं. परत टरर्र. पडद्यावर चोच हलत होती, अगदी त्याच तालात.
व्हिडिओ संपेपर्यंत मी हात काढला नाही. निर्मला खाली मान घालून बसली होती.
स्पीकर जुना असावा. व्हायब्रेशन मारतो.

३ मार्च, सोमवार
जंगलात गेलो नाही. अंजूचा फोन आला. निर्मलाने मला दिला नाही. मीही मागितला नाही.

६ मार्च, गुरुवार
निर्मलाच्या समाधानासाठी भंडाऱ्याला जाऊन कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवला. मॅडमनी खुणेने समजावलं, आवाज आला की बटण दाबायचं. बटणावर अंगठा ठेवून तयार बसलो. आपण चुकायचं नाही. काचेपलीकडे मॅडम मशीनची बटणं फिरवत होत्या, सेटिंग करत असाव्यात. त्यांना फार वेळ लागला.
शेवटी दार उघडून त्या आत आल्या. मी म्हणालो, मी रेडी आहे, करा सुरू.
त्यांनी कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि समोर धरला.
'झालं.'