बाबांना हांबुर्गला न्यायचं कसं

हांबुर्ग, १६ जानेवारी २०११

चि. अबीलियोस ओतीलियाताईचे अ. उ. आ.

फोनवर बोलावं तर बाबा तुझ्या शेजारीच असतात आणि आपलं नाव ऐकू आलं की रिसीव्हर मागतात, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

आपलं ठरलं तसं बाबांना इकडे आणायचं. तू पहाटेच बेकरीच्या भट्टीवर जातोस आणि मागे ते एकटे. परवा गॅसवर पातेलं जळलं, त्याआधी रात्रीच्या कपड्यांत बर्फातून कॅथेड्रलपर्यंत चालत गेले. आता वाट बघण्यात अर्थ नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर अशा विसराळू म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र आहे. मीही आता अर्धाच दिवस काम करते.

मी विमानाची तिकिटं काढली आहेत. दहा फेब्रुवारीला पोर्तोहून. तुझा रेल्वेचा हट्ट मला ठाऊक आहे, पण विचार कर. ग्वार्दाहून रात्रीची गाडी, सकाळी फ्रान्सच्या हद्दीवर बदल, पॅरिसमध्ये एका स्टेशनावरून दुसऱ्यावर, मग पुन्हा एक रात्र. ज्यांना स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडत नाही त्यांना मी हे सगळं कसं करायला लावू? विमानाने गेलो तर दुपारचं जेवण तुझ्या हातचं आणि रात्रीचं सूप माझ्या हातचं. आणि शिडीवर चढलं तरी ज्याचे पाय लटपटतात त्याने विमानावर मतं देऊ नयेत!

बाबांना माझ्या वतीने एक मुका दे. तुला जीव लावून बसलेली,
ताई


ग्वार्दा, २७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिडीचा टोमणाही पोचला.

तरीही एकदा सांगतो. मागे घरात पडले तेव्हापासून बाबांना परक्या माणसाचा हात सहन होत नाही. डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं तर हिसकावून घेतात. दाढी फक्त त्यांच्या तरुणपणच्या मित्राकडून, होनोरियोकाकांकडून, तीही त्यांच्याच दुकानातल्या त्याच खुर्चीत. विमानतळावर सगळेच परके. गाडीत निदान एक खिडकी त्यांची असेल, मांडीवर पाव असेल, वाटलं तर उठून डब्यात फेऱ्या मारतील. इथून निघालो आणि तिथे पोचलो, हे त्यांना कळेल तरी. विमानात बसून उतरले की त्यांना वाटेल, घरातल्या भिंतीच कुणी बदलल्या.

खरं सांगू? मी स्टेशनवर उभा राहिलो तर गाडी हलल्यावरही ते थोडा वेळ मला दिसतील. हेही एक कारण असेल.

पण तू मोठी आहेस, तू ठरवलंस तर तसं. त्यांचे सदरे इस्त्री करून ठेवले आहेत. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अबीलियो


हांबुर्ग, १५ फेब्रुवारी

चि. अबीलियोस अ. उ. आ.

मी सुखरूप पोचले, पण शेजारच्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पोचले.

बाबांना घेऊन मी विमानतळातून परत बाहेर आले तेव्हा तुला एवढंच म्हणाले की जमत नाहीये. तूही काही न विचारता मोटारीचं दार उघडलंस. तिथे बोलले असते तर रडले असते. आत काय झालं ते आता लिहिते.

रांगेत ते छान उभे होते. तपासणीच्या जागी गणवेशातल्या एका मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं की आजोबा, पट्टा आणि बूट काढून ह्या ट्रेमध्ये ठेवा. बाबांनी मुकाट्याने काढले. मग बुटांच्या नाड्याही ओढून काढल्या, अबीलियो, त्या कुणी मागितल्या नव्हत्या. हात पाठीमागे घेऊन ताठ उभे राहिले आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, पुढे या. तर बाबा म्हणाले, मी एकटाच आलो, मला कुणी आणलं नाही, वाट मीच शोधली. तेच पुन्हा पुन्हा. पँट घसरत होती, ती सावरायलाही हात पुढे आणला नाही. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले की ह्या बाईंना मी ओळखत नाही, ह्यांना जाऊ द्या.

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनेच वाकून त्यांच्या बुटांत नाड्या ओवून दिल्या.

हे काय आहे? तुला काही माहीत आहे का? मी इतकी वर्षं ह्या माणसाची मुलगी आहे आणि मला काहीच ठाऊक नाही. लवकर लिही.

तुझी,
ताई


ग्वार्दा, २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून होनोरियोकाकांच्या दुकानात गेलो. वाचून दाखवलं तसा त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि गिऱ्हाईकाला उद्या यायला सांगितलं.

बाबा फ्रान्सला कामाला गेले होते एवढंच आपल्याला माहीत. पण तेव्हा सरकार देश सोडायची परवानगी देत नसे, माणसं चोरून डोंगर ओलांडून जात. पहिल्या खेपेला बाबा हद्दीजवळ पकडले गेले. स्टेशनालगतच्या पोलिसांच्या खोलीत त्यांना ठेवलं, पट्टा आणि नाड्या काढून घेतल्या, आणि वाट कुणी दाखवली त्याचं नाव विचारत मारलं. बाबा म्हणत राहिले, मी एकटाच आलो. वाट दाखवणारा होता आपला झेफेरीनोमामा! तेव्हा तो मामा नव्हता, शेजारच्या गावातला एक तरुण होता. बाबा सुटून आले तेव्हा त्याने त्यांना दुसऱ्यांदा स्वतः पलीकडे पोचवलं आणि घरी जाऊन आपल्या वडिलांना सांगितलं की बहीण द्यायची तर ह्याच माणसाला.

आई ह्यातलं कधी काही बोलली नाही. कदाचित तिलाही कुणी सांगितलं नसेल.

आता माझीच पंचाईत झाली आहे. मी गाडी गाडी करत होतो, पण गाडी त्याच विलार फोर्मोझो स्टेशनावर थांबते. ती इमारत अजून उभी आहे. तिथे बाबांचं काय होईल? होनोरियोकाका म्हणतात, नंतर कागदपत्रं झाल्यावर बाबा दर ऑगस्टला त्याच गाडीने त्याच स्टेशनातून, आपल्यासाठी चॉकलेटं घेऊन, गात गात घरी यायचे. म्हणजे ती जागा त्यांना दोन्ही तऱ्हांनी आठवत असेल. कुठली आठवण वर येईल, कोण सांगणार?

मला वाटतं गाडीनेच जावं. पण ह्या वेळी हट्ट करणार नाही. मी सोबत आलो असतो, पण बेकरीतला दुसरा माणूस आजारी आहे आणि भट्टी एकट्या मालकाच्या जिवावर सोडता येत नाही.

तू म्हणशील तसं. तुझा,
अबीलियो


हांबुर्ग, २० मार्च

चि. अबीलियोस अ. उ. आ.

शेवटी तुझ्याच गाडीने पोचलो ते फोनवर सांगितलंच. बाकीचं आता, बाबा केंद्रात गेले आहेत तेवढ्या वेळात.

ग्वार्दाला गाडी सुटल्यावर तू हात हलवत होतास, तो कोण असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमचा मुलगा. म्हणाले, चांगला दिसतो.

विलार फोर्मोझो आलं. मी पडदा ओढून घेणार होते, पण त्यांनी माझा हात धरला आणि खिडकीतून ती इमारत नीट पाहिली. फलाटावर एक गणवेशातला माणूस होता, तो तिकिटं बघायला आमच्या डब्यातच चढला. तेव्हा बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की तीता, झोपल्याचं सोंग घे, काही बोलू नकोस, मी बघतो. तीता! आई गेल्यापासून मला ह्या नावाने कुणी हाक मारलेली नाही, आणि दोन वर्षं ते मला बाई म्हणत होते. मी डोळे मिटले. त्यांनी खिशातून तिकिटं काढून दिली आणि सांगितलं, ही माझी मुलगी, दमली आहे, हिला उठवू नका. तो माणूस म्हणाला, झोपू द्या, प्रवास सुखाचा होवो साहेब, आणि पुढे गेला.

गाडी स्पेनमध्ये शिरली तसे बाबा हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. मग तू दिलेला पाव आणि शोरीसो सॉसेज खाल्लं आणि मला खांद्यावर डोकं ठेवायला लावलं. मी खरोखरच झोपले, अबीलियो.

सगळंच असं गोड झालं नाही. पॅरिसच्या स्टेशनात ते मला पुन्हा विसरले, कपडे ओले झाले, बदलायला जाईनात, माझ्यावर हात उगारला. मी बाकावर बसून सगळ्यांसमोर रडले. मग वाटलं, हे तू चार वर्षं केलंस, आणि फोनवर मी तुला औषधांच्या वेळा शिकवत होते! मी विमानाने येऊन तीन दिवस राहून जायची. सलग दोन दिवस एकटीने बाबांचं सगळं मी कधी केलंच नव्हतं.

इथे ते बरे आहेत. केंद्रातल्या एका जर्मन आजोबांशी पत्ते खेळतात. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नाही, भांडण मात्र रोज होतं. तू जेवतोस ना वेळेवर? रिकाम्या घराची सवय व्हायला वेळ लागेल. लिहीत राहा.

तुझी,
तीता


ग्वार्दा, २ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

ईस्टरची गर्दी संपली, हातांची कातडी भाजून निघाली. घर फार शांत आहे. पहाटे निघताना अजून दार हळूच ओढून घेतो, कुणी जागं होऊ नये म्हणून.

मालकांनी चार दिवसांची रजा दिली आहे. परवा जाऊन तिकीट काढलं, विमानाचं. खुशाल हस! रेल्वेने आलो तर जायला दोन दिवस, यायला दोन, बाबांच्या वाट्याला काय उरेल? तेव्हा मी डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून येईन. चौदा तारखेला, शनिवारी दुपारी उतरेन.

मी येतोय हे बाबांना सांगावं की नको, असं तू फोनवर विचारलं होतंस. खुशाल सांग. ते विसरतील, पुन्हा सांग. मला ओळखलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नकोस. रोज सकाळी मी कोण ते सांगेन, आणि चारही दिवस त्यांच्याकडे मुलगा नव्याने आलेला असेल.

तुझा आणि बाबांचा,
अबीलियो