भरपाईची मोकळी जागा

मार्गासनी

डॉक्टरसाहेब,

तुमच्या इंजेक्शनानं माझा उजवा हात लुळा पडला, म्हणून हे डाव्या हातानं लिहितेय. वकिलानं तक्रारीत भरपाईच्या आकड्याची जागा मोकळी सोडलीय. लई मागितले तर तुमी दवाखाना बंद करून पुण्याला जाल, आन् हितं दुसरं कुणी डॉक्टर न्हाई. थोडे मागितले तर पुढच्या बाईलाबी मोबाईलवर बोलत बोलतच सुई टोचाल. किती लिहू, ते तुमालाच इचारणार होते.

पण सकाळपासून माझ्या सुनेला, स्वप्नालीला, कळा सुरू झाल्यात. तिला तुमच्याकडंच आणतोय, म्हणून आता हे पत्र देता यायचं न्हाई. पोरगी घाबरलीय. मीच तिला म्हणाले, डॉक्टर चांगले हायेत.

तेवढा मोबाईल बाजूला ठेवा.

तुमची पेशंट,
धोंडाबाई