कोकरावरचं कातडं

आबा, दंडवत.

हे पत्र तुमाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागंल, म्हणून मी ते पाठवणार न्हाई.

तुमाला सांगितलं तसा मी अंबाजोगाईला नोकरीला न्हाई, हितं चर्चच्या खोलीत राहतो. मला पाळक, म्हंजी चर्चचा धर्मगुरू, व्हायच्या शिक्षणाला पाठवायचं का, हे चर्चची मंडळी उद्या ठरवणार हायत. विचारतील, "प्रभूनं तुला बोलावलं, हे कशावरून?"

बोलावणं म्हाळूदादाला आलतं. तो ख्रिस्ती झाला तवा तुमी त्याच्याशी बोलणं टाकलं. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला, तवा त्याचं बायबल मी उचललं. आता मी त्याच्यासारखीच प्रार्थना करतो आन् मंडळी म्हणतात, म्हाळूच परत आला. मला लई भ्या वाटतं.

आपण मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकरावर बांधायचो. वास घेऊन मेलेल्या कोकराची आई त्याला आपलं समजून पाजायची. चार दिवसांनी कातडं सोडताना मी विचारलतं, "आता लाथ मारंल का?" तुमी म्हणालता, "एकदा पाजलं की तिचंच झालं."

उद्या मी दादाचं कातडं सोडून उभा राहणार, बोलावणं मला न्हाई, दादाला आलतं, हे खरं ते सांगणार. त्यांनी लाथाडलं तर मेंढरांकडं परत येईन. पण ठेवून घेतलं तर आबा, मी तुमचाच राहीन का?

तुमचा धाकटा,
गहिनीनाथ